कबड्डीचे बदललेले नियम आणि महाविद्यालयीन खेळाडूंची कोंडी

सातारा, विशेष प्रतिनिधी

कबड्डीचे पहिले नियम कागदावर उतरले ते साताऱ्यात, १९२१ साली. त्यापूर्वी हुतूतू या नावाने गावोगाव खेळल्या जाणाऱ्या या खेळाला ठराविक असे स्वरूपच नव्हते. कुठे बाद झालेला गडी प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद होताच पुन्हा ‘जिवंत’ होई, तर कुठे एकदा बाद झालेला गडी सामना संपेपर्यंत बाहेरच बसे. या पद्धतींचा मेळ घालून साताऱ्यात नियमांचा पहिला आराखडा तयार झाला. त्यात १९२३ मध्ये सुधारणा झाली आणि त्याच वर्षी बडोद्याच्या अखिल भारतीय स्पर्धेत सुधारित नियम वापरले गेले. या इतिहासाला शतक उलटले आहे. आज मात्र सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयीन खेळाडू पुन्हा एकदा ‘नेमका कोणता नियम’ या प्रश्नापाशी येऊन थांबला आहे.

याचे कारण उघड आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाचा वेग प्रेक्षकाच्या सोयीने ठरू लागला. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्यास तिसरी चढाई ‘करो या मरो’ ठरते. तीत गुण मिळाला नाही तर चढाईपटू बाद. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड यशस्वी झाली तर ‘अव्वल पकड’ म्हणून एक गुण अधिक. पंचांच्या निर्णयाविरुद्ध चित्रफीत पाहून दाद मागण्याची सोय झाली. २०२५ च्या बाराव्या हंगामात तर साखळी सामनेही बरोबरीत न सोडता जादा चढायांवर निकाली काढण्यात आले.

हे बदल वाईट आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आघाडी घेतलेल्या संघाने मध्यरेषेच्या आसपास रेंगाळत दम घुमवायचा आणि घड्याळाकडे डोळे लावून बसायचे, हा जुन्या सामन्यांतील शेवटच्या पाच मिनिटांचा प्रकार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ‘करो या मरो’चे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. अव्वल पकडीमुळे लोणाच्या उंबरठ्यावरचा संघही सामन्यात टिकून राहतो. अर्थात, दम या गोष्टीची किंमत घटली, हेही खरे. दम घुमवणे आजही सक्तीचे असले तरी चढाई किती वेळ चालणार हे आता छातीवर नव्हे, घड्याळावर ठरते.

माती, मॅट आणि बूट

नियमपुस्तकातील बदल आठवडाभराच्या सरावाने अंगवळणी पडू शकतात. खरा पेच आहे तो साधनांचा. माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेल्या मैदानावर अनवाणी खेळणे आणि कृत्रिम मॅटवर बूट घालून खेळणे हे दोन जवळजवळ स्वतंत्र खेळ आहेत. मातीवर चढाईपटू पायाची बोटे रुतवून तोल सांभाळतो; वळताना पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्यातच बचावपटूला घोट्याची पकड सापडते. मॅटवर बुटाचा तळ चिकटून राहतो. धावता धावता जागीच थांबून उलट फिरणे शक्य होते, त्यामुळे हाताने किंवा पायाच्या टोकाने चटकन गुण टिपणारा चढाईपटू तेथे वरचढ ठरतो. दुसरीकडे, पाय जागी रोवलेला आणि शरीर फिरलेले, अशा स्थितीत गुडघ्याच्या अस्थिबंधांवर विलक्षण ताण येतो. मातीवर कातडी सोलवटते, मॅटवर गुडघा जातो, हा फरक ज्याच्या पायावर बेततो त्यालाच नेमका कळतो.

आपल्याकडील वास्तव असे, की महाविद्यालयाचे मैदान मातीचे, गावच्या मंडळाची स्पर्धा बहुधा मातीवर आणि निवड मात्र मॅटवर. वरच्या पातळीवरील स्पर्धा मॅटवर खेळल्या जातात. वर्षभर अनवाणी सराव केलेला मुलगा ऐन स्पर्धेत नवे बूट घालून उतरतो, तेव्हा त्याची पहिली काही मिनिटे पाय ओळखण्यातच जातात. वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांच्या सामन्यात तेवढ्या वेळात एक लोण पडू शकतो.

मॅट विकत घेतली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. पुरुषांच्या १३ बाय १० मीटरच्या क्रीडांगणासाठी एकमेकांत अडकवायचे तुकडे लागतात आणि त्यांना सपाट, कोरडा तळ हवा. उघड्या मैदानावर ती अंथरली की जोड सुटतात. रात्रीच्या सामन्यांत दव पडले की ती निसरडी होते. म्हणजे मॅटच्या मागोमाग छप्पर आले. पावसाळ्यात मातीचे मैदान निकामी होते आणि छप्पर नसल्याने मॅटही गुंडाळून ठेवावी लागते, अशी दुहेरी गैरसोय मग महाविद्यालयांच्या वाट्याला येते.

वजनाचा मुद्दा यात भर घालतो. आपल्या भागात ५५ किलो, ६५ किलो अशा वजनी गटांच्या स्पर्धांची परंपरा आहे आणि चपळ, हलका चढाईपटू हे तिचे फळ. वरिष्ठ पुरुष गटात मात्र ८५ किलोंपर्यंतचे बचावपटू समोर उभे ठाकतात. वाळवा तालुक्यातील कासेगावचा काशिलिंग आडके ‘दबंग दिल्ली’कडून देशभर गाजला, सांगलीचाच नितीन मदने २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या संघात होता. या मातीत गुणवत्ता नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु अशी नावे बोटांवर मोजावी लागतात, याची कारणे केवळ खेळाडूंच्या मेहनतीत शोधून चालणार नाही.

एकाच खेळाची दोन पुस्तके

नियमांचा घोळ केवळ जिल्हा पातळीवरच आहे, असा समज असेल तर हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना आठवावा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारत आणि इराण २८-२८ असे बरोबरीत असताना पवन सेहरावत ‘करो या मरो’ चढाईत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला आणि इराणचे बचावपटूही त्याच्यापाठोपाठ तेथे शिरले. जुन्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार असे बचावपटूही बाद ठरतात. प्रो कबड्डीत रूढ झालेल्या नियमानुसार केवळ चढाईपटू बाद. कोणते पुस्तक लागू, यावर सामना सुमारे तासभर खोळंबला. दोन्ही संघ मैदानातच बसून राहिले. अखेर भारताने ३३-२९ असा विजय मिळवला. पण आशियाई सुवर्णपदकाच्या सामन्यात जे घडू शकते, ते विभागीय महाविद्यालयीन सामन्यात घडले तर तेथे चित्रफीत नाही, दाद मागायला जागा नाही आणि तासभर थांबायला पंचांना सवडही नाही.

पंचांचीही बाजू आहे. ३० सेकंदांचे घड्याळ, प्रत्येक संघाच्या कोऱ्या चढायांची मोजणी, मैदानात उरलेल्या बचावपटूंची संख्या आणि बोनससाठी आवश्यक असलेले किमान सहा बचावपटू, हे सारे एका शिट्टीवर आणि एका गुणलेखकाच्या वहीवर सांभाळायचे असते. मोठ्या स्पर्धेत त्यासाठी स्वतंत्र माणसे आणि विजेचा गुणफलक असतो. नियम वरून जसाच्या तसा उतरतो, तो राबविण्याची यंत्रणा मात्र उतरत नाही.

शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येणाऱ्या कोल्हापूर, सांगली व साताऱ्यातील महाविद्यालयांसाठी हंगामाच्या आरंभीच दोन गोष्टी लेखी कळविणे अवघड नाही: कोणत्या फेरीपासून सामने मॅटवर होतील आणि नियमपुस्तक कोणते धरले जाईल. तालुक्याला एक छताखालील मॅट उपलब्ध करून तिच्यावर महाविद्यालयांना पाळीपाळीने सराव देता येईल. प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्र मॅट घेण्यापेक्षा ते परवडणारेही आहे. निदान निवड चाचणीपूर्वी काही आठवडे बूट घालून मॅटवर खेळण्याची संधी मिळाली, तर साताऱ्याच्या मुलाचा पहिला सामना आणि मॅटशी पहिली ओळख एकाच दिवशी होणार नाही.