सायकल ठेवावी कोठें ?

पुणें हें सायकलींचें शहर, असें आम्ही पुणेकर पाहुण्यांस अजूनही मोठ्या दिमाखानें सांगत असतों. परंतु तोच पाहुणा उद्यां सायकलवर बसून बाजारपेठेंत आला, तर ती ठेवावी कोठें, या त्याच्या साध्या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नाहीं. बिरुद आहे, खुंटा नाहीं!

२०१७ सालीं पुणें महानगरपालिकेनें सायकल-योजना मंजूर केली. ८०० किलोमीटरांहून अधिक लांबीचे मार्ग तींत कल्पिले होते. त्याच सुमारास भाड्याच्या सायकली रस्तोरस्तीं दिसूं लागल्या आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. मार्गांविषयीं तेव्हांपासून पुष्कळ वाद झाले. पण कोणताही प्रवास कोठें तरी थांबण्यासाठींच असतो, हें त्या वादांत फारसें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं.

जेथें सायकल-स्टँड आढळतो, तेथेंही बहुधा पुढचें चाक अडकविण्यापुरती लोखंडी खांच असते. शेजारच्या स्कूटरचा धक्का लागला कीं सायकल कलंडते, तारा वांकतात आणि चाकाचा आंस जातो. शिवाय कुलुपाची सांखळी सांगाड्यापर्यंत पोंचत नाहीं. म्हणजे पुढचें चाक मालकासाठीं मागें ठेवून बाकीची सायकल नेण्याची चोरास उत्तम सोय! याऐवजीं उलट्या 'यू'च्या आकाराचा एक नळ जमिनींत पक्का बसवावा. त्याच्या दोन्ही अंगांस दोन सायकली टेंकतात, आणि चाक व सांगाडा एकाच कुलुपांत येतात. यास कोणतें मोठें शास्त्र लागतें ?

'जागा नाहीं,' हें ठराविक उत्तर. एका मोटारीच्या जागेंत सुमारें दहा सायकली मावतात, तेव्हां उणीव जागेची नसून मानाची आहे. मोटारीस फाटक उघडतें. सायकलीस कचऱ्याच्या डब्यांमागची वाट दाखविली जाते. आणि ती दाखविणारा रखवालदार स्वतः अनेकदां सायकलवरच कामास आलेला असतो ! त्याची, गवंड्याची किंवा वर्तमानपत्रें टाकणाऱ्या मुलाची सायकल गेली, तर त्याची हौस जात नाहीं; रोजी जाते.

'आतां सायकली चालवितो कोण ?' असाही सवाल येतो. विहीर बुजवावी आणि मग गांवांत कोणी पाणी शेंदीत नाहीं म्हणून तिची गरजच नाकारावी, त्यांतलाच हा न्याय. हॉलंडांत उट्रेक्ट येथील रेल्वे-स्थानकाखालीं १२,५०० सायकलींचा तळ २०१९ मध्यें पूर्ण झाला. पहिले चोवीस तास तेथें कांहीं द्यावें लागत नाहीं. तो देश श्रीमंत, हें आम्हांस मान्य आहे. परंतु दारासमोर चार नळ रोवण्यास हॉलंडची श्रीमंती लागत नाहीं.

आमचे वाचक गृहसंस्थांच्या समित्यांवर असतात. कचेऱ्या, दवाखाने, शाळा चालवितात. दाराच्या नजरेंत, पावसापासून आडोशाला, एका मोटारीची जागा सायकलींस द्यावी, एवढा ठराव त्यांनीं करावा. त्यास महापालिकेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. तोंवर पाहुण्यांपुढें त्या जुन्या बिरुदाचा उच्चार करण्याचा अधिकार आम्हां पुणेकरांस उरत नाहीं.