ताऱ्याचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. ताऱ्याच्या कुळाबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. खगोलशास्त्रज्ञांना तेवढी पळवाट पुरली!

१९६७ साली केंब्रिजला जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला आकाशातून घड्याळासारखे नियमित येणारे रेडिओ-ठोके सापडले. हेच पल्सार, म्हणजे आपल्या मराठीत स्पंदक. महाकाय तारा फुटला की त्याचा गाभा मागे उरतो. रुंदी जेमतेम २० किलोमीटर, वजन सूर्याहून अधिक, आणि सारखी गिरकी चाललेली! दिवाळीतले भुईचक्रच म्हणा ना. भुईचक्राची दारू एका अंगाने जास्त पेटली, की ते फिरता फिरता थेट पाहुण्यांच्या पायांत शिरते. तसाच स्फोट एकांगी झाला, की स्पंदकाला धक्का बसतो आणि तो जन्मस्थान सोडून धावत सुटतो.

‘बी १५०८+५५’ अशा रुक्ष नावाचा एक स्पंदक घ्या. हवाईपासून कॅरिबियन समुद्रातल्या बेटापर्यंत पसरलेल्या दहा रेडिओ दुर्बिणी एकदम रोखून शास्त्रज्ञांनी त्याची जागा पुनःपुन्हा मोजली. अंगठा समोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा हललासा वाटतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना स्पंदकही असाच किंचित हललासा दिसतो, आणि त्यावरून अंतर कळते. ते निघाले सुमारे ७,७०० प्रकाशवर्षे. अंतर आणि सरकणे यांवरून वेग निघाला सेकंदाला सुमारे १,१०० किलोमीटर. मुंबईहून नागपूर गाठायला एक सेकंदही नको! गिरकी किती मंदावत चालली आहे, यावरून वयाचा अंदाज आला. मग त्याच वाटेने गणिताने मागे जायचे. २००५ साली उत्तर प्रसिद्ध झाले: हा सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी हंस तारकासमूहातल्या महाकाय ताऱ्यांच्या वस्तीतून निघाला असावा.

मी वर्गात व्युत्पत्ती शिकवतो. दोन शब्दांचा तोंडवळा जुळला, की मुले लगेच सोयरीक ठरवून मोकळी होतात. यंदापासून मी त्यांना या स्पंदकाची हकीकत सांगणार आहे. तो आकाशगंगा सोडून निघाला आहे, परत यायचा नाही. त्याला जन्म देणारा ताराही उरलेला नाही. तरी कुणी चिकाटीने त्याची चाल मोजली, म्हणून त्याचे घर सापडले.