स्वस्त पिस्तुलाचा महाग हिशेब

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री एका मित्राचा फोन आला. नुकताच एच-वन-बीवर टेक्सासात आलाय, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. आवाजात भलताच उत्साह.

"अरे, एक पोलिश पिस्तूल मिळतंय, जुनं, मिलिटरीचं. ऑफिसातला एकजण विकतोय, दुकानापेक्षा शंभर डॉलर स्वस्त. उद्या सकाळी पार्किंग लॉटमध्ये भेटायचं ठरलंय. घेऊ ना?"

मी विचारलं, "हंटिंग लायसन्स काढलंस का?"

"मी काय हरणं मारायला चाललोय? रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडायची आहेत!"

त्यानंतर आमचं जे भांडण झालं ते शेवटी सांगतो. पण त्याच्या एका फोनमध्ये तीन चुका होत्या. पिस्तूल चुकीचं, हिशेब चुकीचा आणि तिसरी चूक अशी की तिच्यापुढे पहिल्या दोन म्हणजे किरकोळ बग. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

आधी ही पिस्तुलं येतात कुठून ते बघू. वॉर्सा करारातल्या देशांच्या सैन्याचं आणि पोलिसांचं एक ठरावीक काडतूस होतं, ९ बाय १८ मकारोव्ह. निकोलाय मकारोव्हचं पिस्तूल सोव्हिएत सैन्याने १९५१ मध्ये स्वीकारलं आणि शेजाऱ्यांनी त्याच काडतुसासाठी आपापली पिस्तुलं बनवली. पोलंडने पी-६४, हंगेरीने पीए-६३, चेकोस्लोव्हाकियाने सीझेड ८२. मग १९८९ ते ९१ मध्ये सगळा डोलारा कोसळला. १९९९ मध्ये पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक हे तिघंही नाटोत गेले, तिथलं काडतूस ९ बाय १९. झालं, जुनी पिस्तुलं गोदामात आणि तिथून पेट्या भरभरून अमेरिकेत. त्यांच्या जोडीला २०१८ च्या सुमारास इटलीतल्या पोलिसांकडची बेरेटा ८१ आली, तिचं काडतूस मात्र .३२.

ही सगळी मी चालवून पाहिली आहेत, ती आमच्या टीममधल्या एका वयस्क अमेरिकन सहकाऱ्याच्या कृपेने. माजी सैनिक, बोलणं कमी, शिस्त कडक. आम्ही देशी मंडळी आपापसात त्यांना सुभेदार म्हणतो. त्यांच्याकडे ही पाचही आहेत. एका शनिवारी त्यांनी सगळी टेबलावर मांडली आणि म्हणाले, प्रत्येकातून दहा गोळ्या, पंधरा यार्डांवरून.

निकाल खालीलप्रमाणे. बेरेटा ८१ च्या दहा गोळ्या एका मोठ्या बटाटेवड्याएवढ्या जागेत. सीझेड ८२ च्या तळहाताएवढ्या. मकारोव्हच्या त्याहून थोड्या पसरलेल्या. पीए-६३ च्या ताटलीभर. आणि पी-६४? जेवणाचं ताट घ्या, वर दोन गोळ्या ताटाबाहेर :)

आता माझी नेमबाजी काही राही सरनोबतची नाही. कोल्हापूरच्या त्या मुलीने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं, आपण आपले शनिवारचे शिलेदार. पण माणूस तोच, अंतर तेच आणि सकाळही तीच, तरी निकालात एवढा फरक का? इंजिनिअरला असा प्रश्न पडला की झोप लागत नाही. घरी येऊन कागद काढला.

अकरावीचं फिजिक्स आहे. गोळी जेवढा संवेग घेऊन पुढे जाते, तेवढाच पिस्तुलाला मागे मिळतो. मकारोव्ह काडतुसाची गोळी साधारण ६.१ ग्रॅम, वेग सेकंदाला ३१० मीटरच्या आसपास. म्हणजे संवेग १.९. बेरेटाच्या .३२ ची गोळी ४.६ ग्रॅमची, वेग २८० च्या आसपास, संवेग १.३. याला पिस्तुलाच्या वजनाने भागा, की पिस्तूल हातात किती वेगाने मागे येतं ते कळतं. (दारूच्या वायूंचा हिशेब सोडून दिलाय, तुलनेपुरतं चालतं.)

पीए-६३, वजन ५९५ ग्रॅम : ३.२
पी-६४, वजन ६२० ग्रॅम : ३.१
मकारोव्ह, वजन ७३० ग्रॅम : २.६
सीझेड ८२, वजन ८०० ग्रॅम : २.४
बेरेटा ८१, साधारण ६८० ग्रॅम : १.९

तळातल्या दोघांच्या जागांची अदलाबदल सोडली, तर टार्गेटवरचा क्रम आणि हा क्रम एकच. गंमत म्हणजे नाटोचं मोठं काडतूस किलोभर वजनाच्या पिस्तुलातून उडवलं तर हाच आकडा २.७ च्या आसपास येतो. थोडक्यात, छोटं काडतूस म्हणजे छोटा धक्का हा समज चुकीचा. छोटं काडतूस छोट्या पिस्तुलात घातलं की धक्का उलट मोठा होतो. शिवाय या पाचांतही नळी आणि स्लाइड एकमेकांना अडकवणारी कुलुपासारखी रचना नाही. स्लाइड बंद राहते ती फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोरावर. त्यामुळे धक्का टोचतो आणि स्प्रिंग ताठ असल्याने स्लाइड ओढायलाही जोर लागतो. फायदा एकच, पण मोठा: नळी जागची हलत नाही, म्हणून नेम चांगला बसतो. बसतो, म्हणजे तुम्ही बसू दिलात तर.

कारण उरलेला फरक चापाचा. पी-६४ चा पहिला चाप, म्हणजे घोडा खाली असताना ओढायचा, इतका जड की बोट थरथरायला लागतं आणि नळी टार्गेट सोडून इकडे तिकडे फिरते. (माझ्या पी-६४ च्या ताटाचं गुपित हेच.) ते पिस्तूल अधिकाऱ्याने कमरेला लावून फिरायसाठी बनवलेलं, मॅगझिनमध्ये सहाच गोळ्या. रेंजवर शंभर गोळ्या मारायला ते घेणं म्हणजे लुनावरून लेह-लडाख. पीए-६३ ची फ्रेम ॲल्युमिनियमची, खिशाला हलकी, हाताला जड. मकारोव्ह चांगलं, दणकट, आठ गोळ्यांचं, पण आता त्याची किंमत संग्राहक ठरवतात. सीझेड ८२ मात्र सैन्याचं पिस्तूल म्हणूनच घडवलेलं: पोलादी फ्रेम, बारा गोळ्यांचं मॅगझिन, सेफ्टी दोन्ही बाजूंना, डावखुऱ्यांचीही सोय. माझ्याकडे दोन वर्षं हेच आहे आणि पाचांत एकच घ्यायचं असेल तर माझं मत यालाच.

पण थांबा. खरा प्रश्न "पाचांत कुठलं" हा नाहीच. ही आमच्या मित्राची दुसरी चूक.

आपण ऑफिसात रोज टोटल कॉस्ट ऑफ ओनरशिपच्या गप्पा मारतो ना? स्वस्त सर्व्हर घेतला आणि विजेच्या बिलात बुडालो, वगैरे. इथेही तेच. मी दर दुसऱ्या शनिवारी शंभर गोळ्या मारतो, म्हणजे वर्षाला २६००. मला गेल्या वर्षी पडलेले भाव सांगतो. मकारोव्ह काडतूस ३६ सेंट, म्हणजे वर्षाला ९३६ डॉलर. .३२ तर ४६ सेंट, म्हणजे ११९६. आणि साधं .२२ आठ सेंट, म्हणजे २०८! मकारोव्ह आणि .२२ मध्ये वर्षाला ७२८ डॉलरचा फरक. शंभर डॉलर स्वस्त मिळालेल्या पिस्तुलाची ती बचत दोन महिन्यांच्या आत धुऊन निघते.

मकारोव्ह काडतूस पूर्वी स्वस्त होतं, कारण रशियातून पोलादी कवचाचा माल यायचा. नवाल्नी विषप्रयोगानंतरच्या निर्बंधांत सप्टेंबर २०२१ पासून अमेरिकेने त्या आयातीचे नवे परवाने थांबवले आणि तो नळ आटला. जुन्या लेखांतून "मकारोव्ह म्हणजे सर्वांत स्वस्त नेमबाजी" असं वाचून कोणी बाजारात उतरणार असेल तर सावधान. आणि नावात ९ आहे म्हणून दुसरं स्वस्त ९ चं काडतूस घालायच्या भानगडीत पडू नका. मकारोव्हची गोळी ९.२७ मिलिमीटरची असते, नाटोची ९.०२ ची.

म्हणून माझं स्पष्ट मत. नेमबाजी शिकायची असेल तर पहिलं पिस्तूल .२२ चं घ्या, नवं घ्या. जुनं पिस्तूल दुसरं म्हणून घ्या, इतिहासाची आवड म्हणून घ्या, आणि घेतल्यावर आधी स्प्रिंग बदला. एकदा रेंजवर एका गृहस्थांनी जुन्या पिस्तुलाचा घोडा सेफ्टीची कळ दाबून उतरवला आणि गोळी सुटली. (कंपनीचं नाव सांगत नाही. दोष कित्येक वर्षं झिजलेल्या एका भागाचा होता.) नळी टार्गेटकडे होती म्हणून आज तो किस्सा आहे, नाहीतर बातमी झाली असती. सुभेदार एवढंच म्हणाले, कळेवर विश्वास ठेवायचा नाही, नळीच्या दिशेवर ठेवायचा.

आता तिसरी चूक. अमेरिकेच्या कायद्यानुसार एच-वन-बी, विद्यार्थी, पर्यटक अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. यातून सुटायची जी मोजकी दारं आहेत, त्यातलं आपल्यासारख्यांना खुलं असणारं एकच: कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. हो, हरणं मारायचं लायसन्स, पिस्तुलासाठी. कायदा आहे, लॉजिक शोधू नका. दुकानदार फॉर्मवर हे विचारतो, पण पार्किंग लॉटमध्ये विकणारा विचारत नाही, कारण टेक्सासात खाजगी विक्रीत तपासणी सक्तीची नाही. त्याने विचारलं नाही म्हणून तुमचा गुन्हा कमी होत नाही. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूलही यातच मोडतं. शिक्षा २०२२ पासून पंधरा वर्षांपर्यंत. ग्रीन कार्डची फाइल तर विसराच.

टेक्सासात हे लायसन्स पंचवीस डॉलरचं, प्रत्यक्ष शिकारीला जायचं तर हंटर एज्युकेशनचा कोर्सही. आणि ते ३१ ऑगस्टला संपतं. मागच्या वर्षी रिलीजच्या गडबडीत मला हे ३० ऑगस्टला रात्री अकरा वाजता आठवलं. सर्टिफिकेट एक्स्पायर होऊन प्रॉडक्शन बंद पडताना पाहिलंय मी, पण इथे बंद पडणार होतं ते माझं आयुष्य. घामाघूम होऊन नवं काढलं. आता फोनमध्ये तीन रिमाइंडर आहेत.

उन्हाळ्यात आई आली होती. तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, पिस्तूल कुलुपाच्या पेटीत आहे आणि किल्ली माझ्याकडे. ती म्हणाली, "ते देवघराच्या कपाटात नको रे बाबा." दोन, रेंजवर चल, पण हात लावायचा नाही, तू पर्यटक आहेस. ती काचेमागे कानावर मफ लावून बसली आणि नंतर म्हणाली, "एवढा एकाग्र होऊन अभ्यास केला असतास तर!" असो.

तर तो मित्र. हे सगळं फोनवर सांगितल्यावर म्हणाला, "तू काय पोलीस आहेस का? गन कंट्रीत राहून घाबरतोस." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता मी त्या पार्किंग लॉटमध्ये जाऊन उभा राहिलो. तो आला, मला बघून त्याचा चेहरा पडला. विकणाऱ्या सद्गृहस्थांना मी त्याच्यासमोरच सांगितलं की याचा व्हिसा अमुक आहे. ते बिचारे दचकले. मुद्दाम विकणं हा त्यांचाही गुन्हा ठरला असता. व्यवहार तिथेच मोडला.

मित्र तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. दिवाळीच्या गेट-टुगेदरलाही लांब उभा राहून चकल्या खात होता. परवा त्याचा मेसेज आला, एवढाच: "हंटर एज्युकेशनचा कोर्स ऑनलाइन होतो की जावं लागतं?"

मी लिंक पाठवली. खाली लिहिलं, ".२२ घे."