आयव्ही लीचा जाहीरनामा आणि लडलोचा खड्डा

१/ जनसंपर्क या व्यवसायाची कथा पाठ्यपुस्तके बहुधा १९०६ पासून सांगतात. कोळसा खाणमालकांच्या वतीने काम करणाऱ्या आयव्ही ली या माजी पत्रकाराने त्या वर्षी अमेरिकी वृत्तपत्रांना एक जाहीरनामा धाडला. आपले काम उघडपणे चालेल, माहिती अचूक असेल आणि ती कोणाच्या वतीने दिली जात आहे हे लपवले जाणार नाही, अशी त्यात ग्वाही होती. म्हणूनच लीला या व्यवसायाच्या जनकांत गणतात.

२/ आता २० एप्रिल १९१४. कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूवसाहतीवर नॅशनल गार्ड आणि कंपनीचे पहारेकरी तुटून पडले. तंबू पेटले. एका तंबूखालच्या खड्ड्यात आसऱ्याला गेलेल्या २ स्त्रिया आणि ११ मुले प्राणास मुकली. तेथील प्रमुख कंपनीची सूत्रे रॉकफेलर कुटुंबाकडे होती. देशभर छी-थू होताच धाकट्या रॉकफेलरने लीला पाचारण केले.

३/ लीने पत्रकांची मालिका काढली. ती खाणमालकांच्या समितीच्या नावे निघाली. लीचे नाव त्यांवर नव्हते. संघटनेच्या पुढाऱ्यांना वर्षभरात मिळालेली रक्कम एका पत्रकात अवघ्या नऊ आठवड्यांची म्हणून छापली गेली.

४/ १९१५ मध्ये औद्योगिक संबंध आयोगापुढे लीची साक्ष झाली. मालकांनी पुरवलेली माहिती खरी की खोटी, हे पडताळण्याचा कोणताही प्रयत्न आपण केला नाही, हे त्याने तेथे मान्य केले. कवी कार्ल सँडबर्गने त्याला पगारी खोटारडा ठरवले. पुढे अप्टन सिंक्लेअरने त्याच्या नावावर कोटी करून ‘विषारी वेल’ असे नामकरण केले.

५/ सँडबर्गचा शब्द मात्र नेमका नाही. खोटे बोलणाऱ्याला निदान सत्य ठाऊक असते. लीने ते ठाऊक करूनच घेतले नाही, आणि ‘मला जे दिले ते मी पुढे दिले’ ही सबब खोटेपणाहून अधिक घातक आहे. कारण तिच्यात गुन्हेगार सापडतच नाही. शिवाय अचूकतेची हमी लीकडे कोणी मागितली नव्हती, ती त्याने आपण होऊन दिली होती. १९०६ चा जाहीरनामा शिकवून १९१५ ची साक्ष गाळणारा अभ्यासक्रम स्वतःच जनसंपर्काचे काम करतो.

६/ १९३४ मध्ये तो पुन्हा चौकशीला सामोरा गेला. या वेळी अशील होते जर्मनीतील आय. जी. फार्बेन, मोबदला वर्षाला २५,००० डॉलर. आपण केवळ सल्ला दिला, अमेरिकेत प्रचार केला नाही, असे त्याने सांगितले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याचे निधन झाले. परकीयांसाठी असे काम करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची करणारा अमेरिकी कायदा १९३८ मध्ये आला.