‘सन’ वाचणारे मूर्ख नव्हते

टॅब्लॉइड पेपरांचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं, “लोकांनाच तसलं हवं असतं हो.” म्हणणारा स्वतःला त्या ‘लोकां’त धरत नाही, हे वेगळं सांगायला नको. मला हे वाक्य पटत नाही. का, ते ब्रिटनच्या ‘द सन’वरून सांगतो, कारण तिथलं बरंचसं आता कागदोपत्री उघड झालेलं आहे.

गंमत म्हणजे हा पेपर मुळात कामगार चळवळीचा. ‘डेली हेरल्ड’ त्याचं जुनं नाव. 1964 मध्ये त्याचा ‘सन’ झाला, आणि 1969 मध्ये तोट्यातला माल म्हणून रुपर्ट मर्डोकला विकला गेला. मर्डोकने आकार लहान केला आणि वर्षभरात तिसऱ्या पानावर उघड्या छातीच्या मुली छापायला सुरुवात झाली. आपली चर्चा इथेच थांबते. नागडी चित्रं छापली, खप वाढला, संपलं.

पण नुसत्या चित्रांवर पेपर रोज 40 लाखांच्या आसपास खपत नसतो, आणि ऐंशीच्या दशकात ‘सन’ तिथवर पोचला होता. त्यात फुटबॉल होतं, घोड्यांच्या शर्यती होत्या, रात्री टीव्हीवर काय आहे ते होतं, 1981 पासून बिंगो होता. वाक्यं छोटी, मथळा वाचून हसू फुटायचंच. लंडनचे सभ्य पेपर ज्या माणसाशी बोलतच नव्हते, त्याच्याशी हा त्याच्याच बोलीत बोलत होता. (आपल्या अग्रलेखांची भाषा आठवा जरा. ‘तद्वतच’, ‘उपरोक्त’, ‘अनन्यसाधारण’. रिक्षा स्टँडवरच्या माणसाने ते वाचावं अशी लिहिणाऱ्याची अपेक्षा तरी असते का?)

असा पेपर हळूहळू घरातला होतो. रोज हसवतो, सामन्याचं सांगतो, आणि मग एक दिवस मत कुणाला द्यायचं तेही सांगतो. 9 एप्रिल 1992, मतदानाचा दिवस. पहिल्या पानावर लेबर पक्षाचे नील किनॉक यांचं डोकं विजेच्या दिव्यात बसवलेलं, आणि मथळ्याचा आशय असा की आज हे जिंकले तर देश सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवून जावं. किनॉक हरले. दोन दिवसांनी ‘सन’ने मथळा दिला, “इट्स द सन वॉट वन इट”. म्हणजे जिंकवलं ते आम्हीच.

खरंच त्यांनी जिंकवलं का, यावर अभ्यासक अजून भांडतात. भांडू देत. राजकारण्यांना मात्र ते पटलं. 1995 मध्ये टोनी ब्लेअर थेट ऑस्ट्रेलियाच्या एका बेटावर मर्डोकच्या कंपनीच्या परिषदेत भाषणाला गेले, आणि 1997 ला ‘सन’ ब्लेअरच्या बाजूने उभा राहिला. मतदार हलो न हलो, नेता घाबरला पाहिजे. मालकाला तेवढं पुरतं.

कारण मालकाला पेपरातून जे हवं असतं ते बऱ्याचदा पेपराबाहेर असतं. जानेवारी 1981 मध्ये मर्डोक पंतप्रधान थॅचरबाईंकडे गुपचूप जेवायला गेले होते. त्यानंतर काही आठवड्यांत ‘टाइम्स’ आणि ‘संडे टाइम्स’ त्यांच्या झोळीत पडले, तेही मक्तेदारी आयोगाकडे प्रकरण न जाता. त्या जेवणाचे कागद लोकांसमोर आले 2012 मध्ये! एकतीस वर्षांनी.

आता लिव्हरपूल. 15 एप्रिल 1989 ला हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली, मृतांचा अंतिम आकडा 97. चार दिवसांनी ‘सन’ने मोठ्या अक्षरांत ‘द ट्रुथ’ म्हणून छापलं की लिव्हरपूलच्या चाहत्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले आणि मदत करणाऱ्या पोलिसांवर मुतले. ही बातमी पोलिसांकडून आणि एका खासदाराकडून आलेली होती, आणि संपादक केल्विन मॅकेन्झी यांनी ती ठोकून दिली. 2012 च्या स्वतंत्र समितीने दाखवून दिलं की ती खोटी होती, आणि पोलिसांवर ठपका येईल असा मजकूर 116 जबाबांतून काढला किंवा बदलला गेला होता. 2016 मध्ये ज्यूरीने चाहत्यांना पूर्ण निर्दोष ठरवलं.

लिव्हरपूलने मात्र या निकालांची वाट पाहिली नव्हती. लोकांनी पेपर जाळले, घेणं बंद केलं, दुकानदारांनी ठेवणं बंद केलं. आजही तिथल्या कित्येक दुकानांत ‘सन’ मिळत नाही. हे गोदी कामगारांचं शहर, म्हणजे ‘सन’चा अगदी हक्काचा वाचक. ‘तसलंच हवं असणारे’ म्हणतात ना, तेच हे लोक. आपल्याच माणसांबद्दल खोटं छापलंय हे कळल्यावर त्यांनी बिंगोसकट सगळं सोडून दिलं.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘सन’ वर्षानुवर्षं युरोपीय संघाच्या नावाने खडे फोडत होता. फोस आणि बिशॉफ या दोन राज्यशास्त्रज्ञांनी तपासलं, तर बहिष्कारानंतर मर्सीसाइड भागात युरोपविरोधी मत इतर ठिकाणांच्या तुलनेत कमी झालेलं आढळलं. 2016 च्या सार्वमतात लिव्हरपूलचे 58 टक्के लोक युरोपात राहण्याच्या बाजूने होते. त्यामागे इतरही कारणं असणार. पण “पेपर वाचून कुणाचं मत बदलत नाही” असं ठामपणे म्हणणाऱ्याने हा अभ्यास बघावाच.

आणि हे सगळं लांबचं समजू नका. ‘स्टार’ 1993 पासून 2019 पर्यंत याच मर्डोकचं होतं, ‘स्टार प्रवाह’ 2008 ला त्याच घरातून आलं. पेपरांचं म्हणाल तर ‘सामना’ कुणाचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणून मला त्याची भीती कमी वाटते. वाचणारा ते गृहीत धरूनच वाचतो. भीती वाटते ती तटस्थ चेहऱ्याच्या पेपराची. 2009 च्या विधानसभा निवडणुकीतलं ‘अशोक पर्व’ आठवतंय? मुख्यमंत्र्यांच्या कौतुकाची पानंच्या पानं, आणि एकमेकांचे स्पर्धक असलेल्या पेपरांत अक्षरशः तोच मजकूर. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त ते बाहेर काढलं. चव्हाणांनी पैसे दिल्याचा इन्कार केला. मग एकच लेख इतक्या संपादकांना एकाच वेळी सुचला म्हणायचं. असो.

एक करून बघा. मार्चच्या सुरुवातीला आपल्याकडचे पेपर ‘फॉर्म 4’ नावाचं एक निवेदन छापत आलेत. 1956 च्या नियमांची ती देणगी. मालक कोण, प्रकाशक कोण, एक टक्क्याहून जास्त भांडवल कुणाचं, हे त्यात दिलेलं असतं. बहुधा आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. त्यात कंपनीचं नाव मिळेल. त्या कंपनीच्या मालकाचे साखर कारखाने, कॉलेजं आणि बांधकामं कुठे आहेत, ते मात्र फॉर्ममध्ये नसतं. ते आपलं आपण शोधायचं.