समेट करण्याआधी तिला एकटीला विचारा



आपल्या वस्तीत एखाद्या बाईला नवरा मारतो, तेव्हा ती बातमी आधी पोलीस ठाण्यात जात नाही. ती विहारात येते. महिला मंडळाच्या अध्यक्षा, विहार समितीचे दोन-तीन कार्यकर्ते, मुलीचे मामा नाहीतर काका, असे सगळे सतरंजीवर बसतात. नवरा-बायकोला समोरासमोर बसवतात. तो मान खाली घालून "परत असं होणार नाही" म्हणतो. तिला विचारतात, "बोल बाई, तुझं काय म्हणणं आहे?" ती खाली बघत "काही नाही" म्हणते. बैठक उठते, ती त्याच घरात परत जाते. याला आपण समेट म्हणतो.

आम्ही आधी वॉर्डात परिचारिका म्हणून काम केले, आता वस्त्यांमधून करतो. दोन्हीकडे पाहिले ते असे, की जखम उघडून न बघता वर पट्टी बांधली तर आत पू होतो. तिला एकटीला न विचारता केलेला समेट तसाच असतो. आरोग्याच्या पानावर हा विषय म्हणूनच घेत आहोत. घरातली मारहाण हा बाईच्या तब्येतीचा प्रश्न आहे, कधी जिवाचाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी साधारण २५ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. म्हणजे चार जणींत एक. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितली. तीन चतुर्थांशाहून जास्त जणींनी कुणाला सांगितलेसुद्धा नाही. वंदनेला आपल्या शेजारी बसणाऱ्या बायकांमध्येही अशा जणी असणार. त्या सांगत नाहीत, म्हणून आपल्याला ओळखता आले पाहिजे.

शरीर काय सांगते

दवाखान्यात बाई "मारलं" असे क्वचितच सांगते. "न्हाणीत पाय घसरला", "कपाटाचा कोपरा लागला", "स्टोव्हचा भडका उडाला", "चुकून ढेकणाचं औषध पोटात गेलं" असे सांगते. पडल्यावर माणूस हात पुढे टेकतो, त्यामुळे तळहात, मनगट, गुडघा खरचटतो. मार चुकवताना हात आडवा येतो, तेव्हा वळ कोपराखाली बाहेरच्या बाजूला उठतात. पाठ, मांड्या, दंड, छाती अशा कपड्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी मार असेल, काही वळ काळेनिळे तर काही पिवळे पडलेले असतील, चार दिवसांपूर्वीची जखम आज दाखवायला आणली असेल, तर शंका घ्यावी. नवरा किंवा सासू सोबत येऊन प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तेच देत असतील, तर नक्कीच घ्यावी.

अंगावर एकही वळ नसतो अशाही कितीतरी जणी येतात. डोके दुखते, कंबर भरून येते, झोप नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही. तपासण्या केल्या तर रिपोर्ट नॉर्मल येतो. ओटीपोटात दुखणे, लघवीची जळजळ पुन्हा पुन्हा होणे, एकामागोमाग गर्भपात, गरोदरपणाची नोंदणी फार उशिरा होणे, यामागेही घरातली जबरदस्ती असू शकते. गरोदरपणात मारहाण थांबेल असे समजू नये. काही घरांत ती तेव्हाच सुरू होते.

एक खूण मात्र प्रत्येकाने पाठ करून ठेवावी. गळा दाबला असेल तर मानेवर खूण नसली तरी धोका असतो. आवाज बसणे, गिळताना दुखणे, धाप लागणे, डोळ्यात लाल ठिपके, थोडा वेळ शुद्ध हरपणे किंवा कपड्यात लघवी होणे, यातले काहीही झाले तर तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. आत सूज किंवा रक्ताची गाठ असेल तर काही तासांनी, कधी काही दिवसांनीही जिवावर बेतते. ज्याने एकदा गळा दाबला तो पुढे जीव घेण्याची शक्यता खूप वाढते. अशा घरात समेटाची बैठक घेऊच नये.

मारले नाही तरी हिंसाच

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा २००५ साली झाला, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक अशी चारही प्रकारची हिंसा धरली आहे. धुणीभांड्याचा पगार काढून घेणे, लाडकी बहीण योजनेचे दीड हजार जमा होतात त्या खात्याचे एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवणे, मंगळसूत्र विकून टाकणे, माहेरी फोन करू न देणे, मोबाइल रोज तपासणे, "मुलगी झाली" म्हणून टोमणे मारणे, हे सगळे त्यात येते. नवऱ्याने केलेली लैंगिक जबरदस्तीही येते. दारू पिऊन आईला मारणाऱ्या मुलाविरुद्ध आईलाही याच कायद्याने दाद मागता येते.

आपल्याकडे विहारात लग्न होते, पण नोंदणी राहून जाते. मग "कागदच नाही, कोर्टात कोण विचारणार?" असे तिला घाबरवले जाते. हा कायदा लग्नासारख्या नात्यात एका घरात राहिलेल्या स्त्रीलाही संरक्षण देतो. पत्रिका, फोटो, रेशनकार्ड, मुलांचे दाखले जपून ठेवावेत. आणि नोंदणी करून घ्यावीच.

विचारायचे कसे

आधी तिला एकटीला गाठा. नवरा, सासू, नणंद आणि समज आलेली मुले यांच्यापैकी कुणीही जवळ नको. वजन करायला आत घेतले, रक्तदाब तपासायला थांबवले, अंगणवाडीत पोषण आहाराच्या निमित्ताने बसवले, तर दोन मिनिटे मिळतात. आशाताईंना हे चांगले जमते. "तो मारतो का?" असे एकदम विचारू नये. "घरात ताण असला की असा त्रास बऱ्याच जणींना होतो. तुम्हाला घरात कुणाची भीती वाटते का?" असे विचारावे. तिने नाही म्हटले तरी चालेल. हिला सांगता येईल, एवढे तिला कळले तरी पुरे. बऱ्याच जणी तिसऱ्या-चौथ्या भेटीत बोलतात.

बोलली की मध्ये न अडवता ऐका. "तुझी चूक नाही" हे वाक्य स्पष्ट म्हणा, ते तिने आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच ऐकले असेल. "तू काय केलंस?", "मुलांसाठी सहन कर", "मग सोडत का नाहीस?" हे तिन्ही प्रश्न-सल्ले घरी ठेवून या. सोडण्याची वेळ सगळ्यात धोक्याची असते, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळते. कधी निघायचे, निघायचे की नाही, हे तिनेच ठरवायचे. तिने सांगितलेले तिच्या परवानगीशिवाय तिसऱ्याच्या कानावर जाऊ देऊ नका.

"मरून जावंसं वाटतं" असे ती म्हणाली तर तिला एकटीला सोडू नका. घरातले कीटकनाशक, रॉकेल दूर करा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

दारे कुठे आहेत

लगेच धोका असेल तर ११२. माहिती, समुपदेशन, निवारा यांसाठी महिला हेल्पलाइन १८१. मुलांना मार असेल तर १०९८. 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये उपचार, पोलीस मदत, वकील आणि तात्पुरता निवारा एका जागी मिळावा अशी सोय आहे. राज्यात अनेक ठिकाणी पोलीस ठाण्याच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष आहे. १९८४ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर हे काम सुरू केले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र उभे केले. बाई तक्रार घेऊन येत नाही, जखम घेऊन येते, तेव्हा मदत रुग्णालयातच हवी, हा त्यामागचा विचार. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयातही अशी खोली मागितली पाहिजे.

रुग्णालयात गेल्यावर डॉक्टरांना खरे कारण सांगावे, केसपेपरवर कुणी मारले, कशाने मारले हे लिहून घ्यावे आणि कागदांची प्रत मागावी. एमएलसी झाली की रुग्णालय पोलिसांना कळवते, पण एमएलसी म्हणजे एफआयआर नव्हे. तो कागद सहा महिन्यांनीही उपयोगी पडतो.

पोलीस ठाण्याची पायरी चढताना आपल्या बायका का कचरतात, हे आम्हाला माहीत आहे. आडनाव ऐकून बोलण्याचा सूर बदलतो. म्हणून तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा. पण एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. २००५ च्या कायद्यासाठी आधी पोलिसांत जावे लागत नाही. संरक्षण अधिकारी तिचा घरेलू घटना अहवाल भरून देतात, अर्ज थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरातून न काढण्याचा आदेश, खर्च, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई हे त्यातून मागता येते. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, म्हणून अंतरिम आदेश सुरुवातीलाच मागावा. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "त्याला जेलमध्ये घालायचं नाही, फक्त मारणं थांबवा" असे म्हणणाऱ्या बायकांसाठी हा रस्ता आहे. वकिलाची फी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक स्त्रीला मोफत वकील देते, उत्पन्नाची अट नाही. त्यांचा क्रमांक १५१००. आणि हिंसा होत आहे असे वाटले तर शेजारीही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकतो. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही.

तिला घाईने निघावे लागेल असे वाटत असेल तर आधार कार्ड, बँकेचे पासबुक, रेशनकार्ड, मुलांचे दाखले, जातीचा दाखला आणि थोडे पैसे एका पिशवीत भरून विश्वासाच्या घरी ठेवायला सांगा. जातीचा दाखला मागे राहिला तर मुलांची शिष्यवृत्ती अडते.

"समाजाची बदनामी होईल"

हे वाक्य आम्ही प्रत्येक वस्तीत ऐकतो. बाहेरचे लोक आधीच आपल्याला नावे ठेवतात, त्यांच्या हातात कोलीत कशाला द्यायचे? आम्हाला हे दुखणे कळते. पण घरातली मारहाण कोणत्याही एका जातीची नाही, ती प्रत्येक जातीच्या माडीवरही आहे. आपली बदनामी बाईच्या बोलण्याने होत नाही, मारणाऱ्याला विहारात पहिल्या ओळीत बसवल्याने होते. दारूचे कारणही पुरेसे नाही. पिऊन मारणारा माणूस मुकादमावर हात उचलत नाही, तो घरी येऊन उचलतो. दारू सोडवण्याचा उपचार वेगळा करू, तोवर तिच्या सुरक्षेला थांबवून ठेवता येणार नाही.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीला मान देणे, तिचा अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घराचा अधिकार तिच्या हाती देणे, तिला वस्त्र-अलंकार देणे. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींना सांगितले, की लग्नानंतर नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभ्या राहा, गुलाम होण्यास नकार द्या. १९५१ साली त्यांनी कायदेमंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू कोड बिल रखडवले गेले हे एक मोठे कारण होते. स्त्रीच्या हक्कासाठी ज्याने मंत्रिपद सोडले, त्याच्या तसबिरीखाली बसून आपण बाईला "सहन कर" कसे सांगतो?

म्हणून प्रत्येक विहार समितीकडे आमचे चार आग्रह आहेत. तिला एकटीला विचारल्याशिवाय आणि तिची इच्छा असल्याशिवाय बैठक बोलावू नये. वस्तीतल्या दोन विश्वासू बायकांनी हे विचारण्याचे काम शिकून घ्यावे. वरचे क्रमांक आणि तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांचा पत्ता विहाराच्या फलकावर लिहावा, बायकांच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूलाही चिकटवावा. आणि वर्षावासात ग्रंथवाचन चालते, तेव्हा एक संध्याकाळ या विषयासाठी ठेवावी, पुरुषांनाही बसवावे.

आषाढी पौर्णिमा येईल तेव्हा आपल्या विहारात ही तारीख ठरली का, ते महिला मंडळाला विचारा. ठरली नसेल तर तुम्हीच ठरवा.

जयभीम! नमो बुद्धाय!