घाम येणारा नायक

मी प्रेमकादंबऱ्या वाचते, अद्भुत कादंबऱ्याही वाचते, आणि त्या लपवून वाचत नाही. मागच्या आठवड्यात वाचनालयात सुमती क्षेत्रमाडे यांची ‘महाश्वेता’ कार्डावर चढवत होते, तेव्हा शेजारी उभे असलेले एक ज्येष्ठ शिक्षक म्हणाले, “बाई, हे वाचायचं वय राहिलं का आता तुमचं?” दारव्ह्यासारख्या गावात अशा प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही. इथे सविस्तर देते.

सुरुवात विदर्भापासूनच करावी लागेल. दमयंती आपल्या विदर्भाची राजकन्या. तिच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचंच रूप घेऊन येऊन बसले. मंडपात एकाऐवजी पाच नळ! तिनं देवांनाच साकडं घातलं, तेव्हा त्यांनी आपली लक्षणं प्रकट केली. महाभारताच्या वनपर्वात ती दिली आहेत. देवांची पापणी लवत नाही, त्यांना घाम येत नाही, त्यांच्या गळ्यातली फुलं कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत, सावली पडत नाही. ज्याला घाम फुटला होता आणि ज्याची माळ सुकायला लागली होती, त्याच्या गळ्यात दमयंतीनं वरमाला घातली. चार देव समोर असताना तिनं मर्त्य माणूस निवडला. प्रेमकथेत काय हवं आणि अद्भुतकथेत काय हवं, हे मी या एका प्रसंगावरून ठरवते. नायकाला घाम यायला हवा आणि जादूला नियम हवेत.

मराठी कादंबरीत हे दोन प्रकार जन्मापासून एकमेकांना चिकटलेले आहेत. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. राजपुत्र, सुंदर कन्या, ताटातूट, कपटी माणसं, चमत्कार आणि शेवटी मीलन. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत याचं कारण प्रामाणिकपणे सांगितलं आहे. त्यांचं म्हणणं असं की, आपल्या लग्नाच्या चालीरीतींमुळे आपल्या रोजच्या आयुष्यात रंजक असं काही घडतच नाही, म्हणून मनोरंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडेच वळावं लागतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. प्रेमाला घरात जागा नव्हती, म्हणून ते राजवाड्यात आणि जंगलात गेलं.

पण रिसबुडांचा निष्कर्ष मला मान्य नाही. त्यांच्या अकरा वर्षं आधी, १८५७ साली, बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचं जिणं कादंबरीत आणलं होतं. ज्या चालीरीती प्रेमाच्या आड येतात, त्याच कादंबरीचा खरा ऐवज असतात. अडथळा नसेल तर प्रेमकथा लिहायची कशाला?

म्हणूनच ना. सी. फडक्यांविषयी माझं मत दुभंगलेलं आहे. कादंबरी कशी बांधावी हे त्यांच्याइतकं स्वच्छ कुणाला कळलं नसेल. ‘प्रतिभासाधन’ लिहून त्यांनी ते इतरांनाही शिकवलं. ‘दौलत’ (१९२९) हातात घेतली की आजही खाली ठेववत नाही. तरी त्यांच्या पानापानांवरच्या देखण्या, सुशिक्षित, सुखवस्तू तरुणांना मी शेवटपर्यंत परकीच राहते. त्यांच्या अडचणी बहुतेक गैरसमजाच्या असतात, आणि गैरसमज एका पत्रानं मिटतो. माझी आई दुपारी ही पुस्तकं वाचायची. तिला त्यात आवडायचं ते हे की, तिथल्या मुलीला कुणीतरी “तुला काय वाटतं?” असं विचारतं. त्या एका प्रश्नासाठी आमच्या घरात फडके वाचले गेले, आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

खांडेकरांची ‘ययाती’ (१९५९) मला मराठीतली सर्वांत मोठी अद्भुत प्रेमकादंबरी वाटते. ज्ञानपीठ मिळालेल्या पुस्तकाला असं म्हटलेलं काहींना खटकेल. पण बघा, शुक्राचार्यांचा शाप, एका क्षणात आलेलं म्हातारपण, मुलानं बापाला दिलेलं तारुण्य, हे सगळं अद्भुतच आहे. आणि त्या जादूला नियम आहे. बापाला तारुण्य हवं असेल तर दुसऱ्या कुणीतरी म्हातारं व्हावं लागतं. ती किंमत पुरू मोजतो, म्हणून वाचताना अंगावर काटा येतो. शर्मिष्ठेची प्रकरणं मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. देवयानीला मात्र खांडेकरांनी न्याय दिला नाही, असं माझं ठाम मत आहे. कच तिला सोडून गेला, नवऱ्यानं तिच्या पाठीमागे दुसरीवर प्रेम केलं, आणि वाचकाच्या मनात राहतो तो फक्त तिचा अहंकार. तिची बाजू घेऊन कुणीतरी लिहायला हवं.

आता ज्यांचं नाव घ्यायला लोक संकोचतात त्यांच्याविषयी. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या एका पिढीनं उशीखाली ठेवून वाचल्या. १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ साली त्यांच्या बाजूनं निकाल लागला. त्यांचं सगळं लेखन चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. पण स्त्री-पुरुषांच्या देहाची ओढ लिहिणं हा गुन्हा नाही, हे ठरवण्यासाठी एका मराठी लेखकाला सात वर्षं कोर्टाची पायरी चढावी लागली, हे वाचकांनी विसरू नये. आमच्या वऱ्हाडातले उद्धव शेळकेही असेच. ‘धग’ (१९६०) लिहिणाऱ्या या माणसानं पुढे लेखणीवर पोट भरताना भराभर लोकप्रिय, शृंगारिक कादंबऱ्या लिहिल्या. त्या आज कुणाला आठवत नाहीत. ‘धग’मधली कौतिक मात्र आठवते. नवरा महादेव साथ देत नाही, तरी ती संसार ओढत राहते. मी तिला प्रेमकादंबरीची नायिकाच मानते. लग्नानंतरच्या प्रेमावर, म्हणजे ते कसं झिजतं आणि तरी कसं उरतं यावर, आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलं आहे.

मोबाइलवर भागाभागानं येणाऱ्या कथामालिका माझ्या माजी विद्यार्थिनी वाचतात, त्यांच्यामुळे मीही वाचल्या. मुली वाचताहेत आणि लिहिताहेतही, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यातला नायक मला पटत नाही. मोठ्या कंपनीचा मालक, कायम संतापलेला, करारानं लग्न करणारा, तिचं मनगट पिरगाळणारा. मी हरकत घेतली तर एक जण म्हणाली, “मॅडम, तो वरून चिडते, पण आतून लय जीव लावते न तिले.” मी तिला तेव्हाही सांगितलं आणि इथेही सांगते. पोरी, जीव लावणारा माणूस हात पिरगाळत नाही. कथेतही नाही. शंभर भाग वाचून हे ज्याच्या-त्याच्या मनात मुरतं, म्हणून ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

अद्भुताच्या बाबतीत मुलांची आवड मला जास्त निकोप वाटते. हॅरी पॉटर त्यांनी मराठीत वाचला. तिथे जादू शिकावी लागते, ती चुकते, आणि अमर होण्याचा हव्यास धरणाऱ्याच्या आत्म्याचे तुकडे होतात. टॉल्किनची अंगठी घालणाऱ्यालाच पोखरते. मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. पण मुलांना मी हेही सांगते की, यासाठी सातासमुद्रापार जायची गरज नाही. आपल्या केळापूर, मारेगाव, झरी जामणीकडे गोंड आणि कोलामांची गावं आहेत. किंगरीवर लिंगोची कथा गाणारे परधान हे गोंडांचे पिढीजात कथेकरी. कचारगडच्या गुहेत कोंडलेल्या देवांना सोडवायला हिरासुका पाटाडीनं वाद्य वाजवलं, त्या सुरांनी गुहेच्या तोंडावरची शिळा हलली, आणि तो स्वतः त्या शिळेखाली गेला, असं सांगतात. संगीतानं दगड हलतो, पण वाजवणारा जातो. अशी कथा ज्या मातीत आहे तिथल्या मुलाला आपल्याकडे अद्भुत नाही असं का वाटावं? कुणीतरी त्या समाजातूनच पुढे येऊन यावर कादंबरी लिहिली, तर ती मी सगळ्यांत आधी विकत घेईन.

आणि प्रेम? वर्धा नदीच्या काठचं कौंडिण्यपूर रुक्मिणीचं. तिनं स्वतः पत्र पाठवून आपला वर ठरवला. त्यावर नरेंद्र कवीनं १२९२ साली ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलं. रामदेवराव यादवानं सोन्याच्या मोहरा देऊन ते काव्य स्वतःच्या नावावर मागितलं आणि कवीनं नकार दिला, असं महानुभाव परंपरा सांगते. अगदी अलीकडे यवतमाळात भाऊसाहेब पाटणकर होऊन गेले. वकिली करणारा, शिकारीचा शौकीन माणूस, आणि त्यानं मराठी शायरीत प्रेमाला मोकळेपणानं बोलतं केलं.

तरीही यवतमाळचं नाव निघालं की बाहेरच्यांना एकच गोष्ट आठवते, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. २०१९च्या जानेवारीत इथे ९२वं साहित्य संमेलन झालं. उद्‌घाटन शेतकऱ्याच्या पत्नीनं, आत्महत्या केलेल्या नवऱ्यामागे संसार सांभाळणाऱ्या वैशाली येडे यांनी केलं. ते योग्यच झालं, त्या बोलल्या तेही खरं होतं. पण ज्या जिल्ह्यात मरण आहे तिथे प्रेम नसतं, असं कुणी धरून चालू नये. उलट आजची सगळ्यांत अवघड प्रेमकथा इथेच घडते आहे. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर, डोक्यावर पीककर्ज, आणि शेती करतो म्हणून मुलगी देत नाहीत असा पस्तिशीतला मुलगा. मुलीच्या आईनं सगळं आयुष्य वावरात काढलेलं, त्यामुळे तिचं “नोकरीवालाच पाहिजे” हे म्हणणंही खोटं नाही. जात आहे, हुंडा आहे, घरात कुणाचं ऐकायचं हा प्रश्न आहे. रिसबुडांना ज्या अडचणीमुळे लिहिता येईना, ती अडचण इथे घरोघरी आहे. एवढं असताना आमच्या भागातल्या या मुलाची आणि मुलीची कादंबरी मला अजून कपाटात सापडत नाही.

पुसद, उमरखेड, वणी, घाटंजी, दिग्रस, कुठेही बसून लिहिणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे. प्रेमकादंबरी लिहा. वऱ्हाडीत लिहिता येत असेल तर वऱ्हाडीत लिहा. नायकाकडे जमीन किती, कर्ज किती, नायिकेला पगार आहे की नाही आणि तिच्या घरात तिचं कोण ऐकतं, हे पहिल्या दहा पानांतच येऊ द्या. शेवट गोड करायचा असेल तर जरूर करा, गोड शेवट मला आवडतो, पण तो दोघांनी मिळून कमावलेला असू द्या.